एलएलव्हीएममध्ये बूलियन सोपं करताना: पहिल्या पॅचआधी काय माहीत हवं

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला के-मॅप (ट्रुथ टेबलमधले १ चौकटीत मांडून गट पाडायची पद्धत) घोटून झालेला असतो, त्यामुळे एलएलव्हीएम या ओपन-सोर्स कंपायलर प्रकल्पातलं बूलियन (खरं-खोटं) एक्स्प्रेशन सोपं करणं ओळखीचं वाटतं. ती ओळख अर्धीच कामाला येते. (अ & ~ब) | (~अ & ब) हे के-मॅपवर मांडा. दोन १ तिरपे बसतात, गट पडत नाही, उत्तर जसंच्या तसं राहतं. ऑप्टिमायझरला (कंपायलरच्या कोड सुधारणाऱ्या भागाला) मात्र इथे दोन नॉट, दोन अँड आणि एक ऑर अशा ५ इन्स्ट्रक्शन दिसतात आणि त्या सगळ्यांच्या जागी एक एक्सॉर पुरते. के-मॅप दोन पायऱ्यांच्या सर्किटमधले गेट मोजतो. कंपायलर इन्स्ट्रक्शन मोजतो, आणि दुसऱ्या कामासाठी आधीच काढून ठेवलेलं मूल्य त्याला फुकट मिळतं.

सगळ्या एक्स्प्रेशनचं सर्वांत लहान रूप शोधायच्या फंदात कोणताच रोजचा कंपायलर पडत नाही. व्हेरिएबल वाढतील तशा ट्रुथ टेबलच्या ओळी दुपटीने वाढतात. म्हणून छोटे पॅटर्न ओळखून बदलायचे. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्ये असे नियम मॅच-पीडी नावाच्या फाइलीत असतात. एलएलव्हीएममध्ये त्यासाठी दोन जागा आहेत, आणि कुठला नियम कुठे जातो हे आधी ठरवावं लागतं. उत्तर म्हणून आधीपासूनच असलेलं मूल्य किंवा कॉन्स्टंट मिळत असेल, उदाहरणार्थ अ & (अ | ब) चं नुसतं अ, तर तो नियम इन्स्टसिम्प्लिफायचा. एक जरी नवी इन्स्ट्रक्शन बनवावी लागली तरी तो इन्स्टकम्बाइनचा, आणि बहुतेक वेळा त्याच्या फोल्डरमधल्या 'अँड-ऑर-एक्सॉर' या फाइलीतला.

एलएलव्हीएमचा बिल्ड रिलीज प्रकारचा करा, पण असर्शन (कोडमधल्या अंतर्गत तपासण्या) चालू ठेवून आणि टार्गेट फक्त एक्स८६ देऊन. डीबग बिल्डमध्ये लिंकिंगच्या वेळी लॅपटॉपची रॅम संपते. तोच हवा असेल तर समांतर लिंकची संख्या १ वर आणा. सी कोडमधून आयआर (एलएलव्हीएमची मधली भाषा, जिच्यावर हे नियम चालतात) काढताना नवखे हमखास एका ठिकाणी अडकतात. क्लँगला (एलएलव्हीएमच्या सी कंपायलरला) ओ-झिरो, म्हणजे ऑप्टिमायझेशन नको असा पर्याय, दिलं की प्रत्येक फंक्शनला 'ऑप्टनन' (ऑप्टिमाइझ करू नका) हा शिक्का लागतो, आणि नंतर ऑप्ट हे आयआर सुधारणारं टूल चालवलं तरी काहीच बदलत नाही. ओ-वन द्या आणि एलएलव्हीएमचे पास (कोड सुधारण्याच्या फेऱ्या) बंद करायचा पर्याय जोडा. मग आधी एसरोआ (स्टॅकवरची व्हेरिएबल साध्या मूल्यांत बदलणारा पास) चालवा, कारण तोवर व्हेरिएबल स्टॅकवर असतात आणि इन्स्टकम्बाइनला पॅटर्नऐवजी नुसते लोड दिसतात.

आता (अ & ब) | (अ & क) चं अ & (ब | क) करायचं आहे असं धरा. ३ च्या जागी २, सरळ फायदा. पण अ & ब आणि अ & क ही दोन्ही मूल्यं पुढे आणखी कुठे वापरली असतील तर ती काढून टाकता येत नाहीत, आणि ३ च्या जागी ४ इन्स्ट्रक्शन होतात. त्यातलं एकच दुसरीकडे वापरलेलं असेल तर ३ च्या जागी ३. म्हणून पॅटर्नमध्ये 'वन-यूज' (मूल्य एकाच ठिकाणी वापरलेलं असावं) ही अट कुठे घालायची याचा हिशोब दर वेळी कागदावर करावा.

खरी कसोटी लागते ती पॉइझनपाशी, म्हणजे चुकीच्या क्रियेतून आलेल्या, भरवसा न धरता येणाऱ्या मूल्यापाशी. सीमधलं हे वाक्य बघा: न < ३२ && ((मास्क >> न) & १). बत्तीस बिटांच्या मूल्याला ३२ किंवा जास्तीने शिफ्ट केलं तर आयआरमध्ये पॉइझन मिळतं. पॉइझन नुसतं बनल्याने काही बिघडत नाही, म्हणून ऑप्टिमायझर इथली ब्रँच काढून सिलेक्ट घालतो: पहिली अट खरी असेल तर बिट, नाहीतर फॉल्स. न = ४० असताना सिलेक्ट फॉल्स देतो, कारण न निवडलेल्या बाजूचं पॉइझन तो बघतच नाही. ट्रुथ टेबल तेच आहे म्हणून तुम्ही सिलेक्टच्या जागी अँड टाकलात, तर फॉल्स & पॉइझन म्हणजे पॉइझन, आणि त्यावर ब्रँच झाली की अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे प्रोग्राम काहीही करू शकतो. एलएलव्हीएममध्ये हा बदल कित्येक वर्षं बिनदिक्कत होत असे. अँड हवंच असेल तर बिटला आधी फ्रीझ (पॉइझनच्या जागी कुठलंतरी एक ठाम मूल्य धरणारी इन्स्ट्रक्शन) लावा, किंवा दुसरं मूल्य पॉइझन असेल तेव्हा पहिलंही पॉइझनच असतं हे दाखवून द्या. 'लॉजिकल अँड' हा मॅचर (पॅटर्न ओळखणारा कोड) अँड आणि सिलेक्ट अशी दोन्ही रूपं पकडतो, त्यामुळे आपण पकडलं काय आणि परत दिलं काय हे पुन्हा तपासा.

दुसरा त्रास दिशेचा. ~अ & ~ब चं ~(अ | ब) केलं की एक नॉट वाचतो. पण अ आणि ब या पूर्णांकांच्या तुलना असतील तर नॉट आतच नेलेला बरा, कारण तुलना उलटायला वेगळी इन्स्ट्रक्शन लागत नाही. दोन्ही नियम अटींशिवाय ठेवले तर एक जे करतो ते दुसरा उलटवतो आणि पास थांबतच नाही. दशांश संख्यांमध्ये आणखी एक खोच आहे: नॅनमुळे ('संख्याच नाही' असं सांगणाऱ्या मूल्यामुळे) ~(क्ष < य) म्हणजे क्ष >= य नव्हे; उलट तुलना 'अनऑर्डर्ड' (नॅन आलं तरी खरी ठरणाऱ्या) प्रकारची घ्यावी लागते.

पुराव्यासाठी अलाइव्ह२ हे बदल बरोबर आहे का ते तपासणारं टूल वापरा. त्याआधीच्या अलाइव्हने २०१५ मध्ये इन्स्टकम्बाइनचे तीनशेहून अधिक नियम तपासले तेव्हा ८ चुकीचे निघाले होते, आणि ते अनुभवी लोकांनी लिहून रिव्ह्यू केलेले होते. मूळ आणि बदललेलं फंक्शन द्या. चूक असेल तर ते नेमकं उदाहरण दाखवतं, जसं पहिलं इनपुट ०, दुसरं पॉइझन. नियमात फक्त अँड, ऑर, एक्सॉर, नॉट असतील तर प्रत्येक बिट स्वतंत्र चालतो, म्हणून एका बिटावरचा पुरावा सगळ्या रुंदींना लागू पडतो. बेरीज किंवा तुलना आली की हा आधार जातो.

टेस्ट हाताने लिहिल्या तरी त्यातल्या अपेक्षित ओळी 'अपडेट-टेस्ट-चेक्स' या स्क्रिप्टकडूनच भरून घ्या. साधा पॅटर्न, ऑपरेंड उलटे केलेला, व्हेक्टरचा, जादा वापराचा, आणि नियम लागूच होऊ नये असा, एवढे प्रकार हवेत. उलट्या ऑपरेंडची टेस्ट सर्वांत जास्त राहून जाते. इन्स्टकम्बाइन कॉन्स्टंट उजवीकडे आणतो यावर विसंबता येतं; बाकी ऑपरेंडच्या क्रमाचा भरवसा धरू नये.

गिटहबवर 'मिस्ड-ऑप्टिमायझेशन' लेबलचे इश्यू बघून सुरुवात करा. पुल रिक्वेस्टमध्ये पहिला कमिट फक्त टेस्टचा, आजचं आउटपुट दाखवणारा. दुसरा कोडचा, म्हणजे काय बदललं ते रिव्ह्यू करणाऱ्याला त्याच डिफमध्ये दिसतं. वर्णनात अलाइव्ह२ ची लिंक द्या आणि हा पॅटर्न कोणत्या खऱ्या कोडमध्ये येतो तेही लिहा. इन्स्टकम्बाइन एका कंपाइलमध्ये अनेकदा चालतो, त्यामुळे कुठेच न येणाऱ्या नियमाचा वेळ सगळ्यांना भरावा लागतो, आणि असा पॅच बरोबर असूनही नाकारला जातो.