चांद्रमोहिमेच्या मागच्या खोलीत यायचंय? आधी गेजची पट्टी कुठे संपते ते बघा

टीव्हीवर दिसते ती कंट्रोल रूम. पहिली नोकरी तिथे मिळत नाही, मागच्या खोलीत मिळते. समोरच्या फ्लाइट कंट्रोलरच्या कानात बोलणारे आपण. नासाच्या ह्यूस्टन केंद्रात त्याशिवाय मिशन इव्हॅल्युएशन रूम असते, तिथे यान बांधणारे इंजिनिअर बसतात. नाव कुठेच येत नाही, रात्रपाळ्या मात्र येतात.

एक कडू गोष्ट आधीच सांगतो. अमेरिकेत या कामाला निर्यात-नियंत्रणाचे कायदे लागतात. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर बहुतेक दारं बंदच. एमएससाठी कर्ज काढण्याआधी हे घरी नीट समजावून सांगा. ओरायन या नासाच्या चांद्रयानाचं सर्व्हिस मॉड्यूल (वीज, हवा-पाणी आणि इंजिन पुरवणारा भाग) जर्मनीत, ब्रेमेनला जोडलं जातं. तिकडचे नियम वेगळे, तेही बघून ठेवा.

आता खरा सापळा. पडद्यावरचा आकडा स्थिर दिसला की आपण 'नॉमिनल', म्हणजे सगळं ठीक, असं लिहून मोकळे होतो. मीही बराच काळ तसाच लिहायचो. अपोलो १३ या चांद्रमोहिमेच्या यानातली ऑक्सिजनची टाकी आठवा. मार्च १९७० मध्ये जमिनीवरच्या चाचणीनंतर ती नीट रिकामी होईना, म्हणून आतले हीटर जवळजवळ ८ तास चालू ठेवले. थर्मोस्टॅटचा स्विच २८ व्होल्टचा, जमिनीवरचा पुरवठा ६५ व्होल्टचा. वीज तोडायला स्विच उघडायला गेला आणि त्याचे संपर्कबिंदू चिकटून बसले, हीटर बंद झालाच नाही. तापमानाच्या गेजची पट्टी साधारण २७ अंश सेल्सिअसलाच संपत होती, कारण त्याच्या वर हीटर चालूच राहणार नाही असं गृहीत धरलेलं. काटा शेवटाला टेकून राहिला. हीटरच्या नळीपाशी तापमान ५०० अंशांच्या पलीकडे गेलं असावं, असं नंतरच्या चाचण्यांत दिसलं. तारांवरचं टेफ्लॉन जळालं, आणि एप्रिलमध्ये चंद्राच्या वाटेवर ती टाकी फुटली.

म्हणजे काटा हलत नाही याचे दोन अर्थ होतात: तापमान स्थिर आहे, किंवा पट्टी संपली आहे. पडदा हा फरक सांगत नाही. प्रत्येक सेन्सरची वरची आणि खालची हद्द कागदावर लिहून समोर ठेवा. चाचणीलाही हद्द असते. आर्टेमिस १ या ओरायनच्या माणसांविना केलेल्या चांद्रफेरीत उष्णतारोधक कवचाचे तुकडे २०२२ मध्ये परतताना निघाले. जमिनीवरच्या चाचण्या प्रत्यक्षापेक्षा जास्त तापमानवाढीच्या होत्या, त्यात कवच तापून आत तयार होणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट मिळत होती. उड्डाणात ताप कमी असण्याच्या टप्प्यात वायू आतच कोंडला. आपण 'जास्त कडक चाचणी केली' म्हणून निर्धास्त होतो, ते इथे चाललं नाही.

घाबरू नका, पहिल्या वर्षी सगळ्यांनाच काही कळत नसतं, आणि विचारलेल्या प्रश्नाला तिथे कुणी हसत नाही. गुरू शोधायचाच तर मोठ्या हुद्द्याचा शोधू नका. ज्याने यानातला व्हॉल्व्ह हातांनी बसवलाय तो टेक्निशियन गाठा. 'स्पेस करिअर'चे महागडे कोर्स माझ्या मते लूट आहेत. अपोलो १३ च्या चौकशी मंडळाचा अहवाल फुकट मिळतो, परिशिष्टांसकट. तो वाचून झाल्यावरही कोर्स करावासा वाटला तर खुशाल करा.