आयडलिंग बिघडल्यास आयएसी व्हॉल्व्ह कसा तपासावा

पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना आरपीएमचा काटा वर-खाली होत असेल, एसी लावताच इंजिन थरथरून बंद पडत असेल आणि ॲक्सिलरेटरवर किंचित पाय ठेवताच सारे सुरळीत होत असेल, तर आयडल एअर कंट्रोल, म्हणजेच आयएसी व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. तेव्हा लागणारी हवा तिला वळसा घालून या व्हॉल्व्हमधून जाते आणि तिचे प्रमाण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. आरपीएम वाढवूनही मिसिंग, म्हणजे इंजिनाचे अडखळणे, कायम राहिले, तर आधी स्पार्क प्लग व इग्निशन कॉइल पाहावेत. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या (झडप तारेऐवजी मोटरने हलवणाऱ्या) गाड्यांत हा व्हॉल्व्ह सहसा वेगळा नसतोच. तेथे थ्रॉटल बॉडीवरील काजळी तपासावी.

व्हॉल्व्ह बदलण्याची घाई मात्र करू नये. स्कॅनरवर पी०५०६ हा दोष-कोड आला तर आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग, अपेक्षेपेक्षा कमी आणि पी०५०७ आला तर जास्त आहे, एवढेच कळते. व्हॉल्व्ह निकामी झाल्याचा तो पुरावा नव्हे. विशेषतः आरपीएम जास्त असेल, तर व्हॅक्यूम पाइपांच्या टोकांना चिरा पडल्या आहेत का आणि इनटेकच्या गॅस्केटपाशी फुसफुस ऐकू येते का, हे आधी पाहावे. अशा गळतीतून मोजमापाबाहेरची हवा आत शिरत असताना नवा व्हॉल्व्हही काही करू शकत नाही.

गळती नसेल तर व्हॉल्व्हकडे वळावे. सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या) प्रकारात, गरम इंजिन आयडलिंगला असताना कनेक्टर काढल्यास आरपीएममध्ये स्पष्ट फरक पडायला हवा. स्टेपर मोटरचा (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या मोटरचा) व्हॉल्व्ह कनेक्टर काढल्यावर आहे त्या स्थितीत थांबतो, त्यामुळे ही चाचणी तेथे निरुपयोगी ठरते. इंजिन बंद करून मल्टिमीटरने त्याच्या कॉइलींचा रोध मोजावा. चार पिनांच्या व्हॉल्व्हमध्ये दोन्ही कॉइलींचे आकडे जवळपास सारखे आणि मॅन्युअलमधील मर्यादेत असावेत. एक कॉइल तुटलेली दिसली, तर व्हॉल्व्ह बदलावाच लागतो.

बऱ्याचदा मात्र दोष केवळ काजळीचा असतो. इंजिन थंड झाल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, मोकळ्या हवेत व्हॉल्व्ह उतरवावा. टोकावर तेलकट काळा थर दिसेल. तो थ्रॉटल बॉडी क्लीनर व मऊ ब्रशने काढावा. टोक खाली धरावे, म्हणजे क्लीनर मोटरमध्ये उतरणार नाही. स्टेपरचा दांडा बोटाने कधीही दाबू नये किंवा ओढू नये, कारण आतले आटे त्याने खराब होतात. थ्रॉटल बॉडीतील हवेची वाटही तितक्याच निगुतीने साफ करावी, कारण अनेकजण नेमकी तीच विसरतात. जुने गॅस्केट चिरलेले किंवा दबलेले असल्यास नवे घालावे, नाहीतर तेथूनच हवा शिरते.

जोडणीनंतर मॅन्युअलप्रमाणे आयडल रीलर्न करावे, म्हणजे ईसीयूला आयडलिंग नव्याने शिकू द्यावे, आणि मगच एसी व हेडलाइट लावून पाहावेत. आरपीएम क्षणभर खाली जाऊन लगेच सावरला तर काम झाले. तो सावरलाच नाही, तर नवा व्हॉल्व्ह आणण्यापूर्वी कनेक्टरपासून ईसीयूपर्यंतची वायरिंग तपासावी.