प्लाथ वाचायची तर मधपेटीपासून

अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथ वाचायला घेणारे बहुतेक जण तिच्या आत्महत्येपासून सुरुवात करतात. ११ फेब्रुवारी १९६३, लंडन, वय ३०. मग ओळीओळीत मरणच दिसतं. कॉलेजात मीही तशीच वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. पुन्हा उघडलं ते बाबांच्या सातेरीच्या, म्हणजे आपल्याकडच्या मधमाश्यांच्या, पेट्या माझ्याकडे आल्यावर.

आधी ‘एरियल’ या तिच्या कवितासंग्रहाची २००४ ची आवृत्ती मिळवा. १९६५ साली नवऱ्यानं, टेड ह्यूजनं, संग्रह छापला तेव्हा तिनं लावलेला क्रम मोडला, काही कविता गाळल्या आणि तिच्या अखेरच्या आठवड्यांतल्या घातल्या. तिच्या बाडाचा पहिला शब्द होता ‘प्रेम’, शेवटचा ‘वसंत’. २००४ मध्ये तो क्रम परत आला.

आता थेट मागच्या पानांवर जा. मधमाश्यांच्या पाच कविता, ३ ते ९ ऑक्टोबर १९६२ या एका आठवड्यातल्या. इंग्लंडमधल्या डेव्हनचं घर, लग्न मोडलेलं, दोन लेकरं उठायच्या आत पहाटे लिहिणं. तिचे वडील ओटो प्लाथ बॉस्टनला प्राध्यापक. बंबलबी माश्यांवर त्यांचं पुस्तक आहे.

त्यातली शेवटची ‘विंटरिंग’, म्हणजे हिवाळा काढणं, मोठ्यानं वाचा, सावकाश. तळघरात मधाच्या सहा बरण्या, बाहेर फूल नाही, माश्या साखरेच्या पाकावर तगलेल्या. पावसाळ्यात आम्हीही सातेरीला पाकच देतो, वाटीत काड्या टाकून, नाहीतर माश्या बुडतात. नर तर कामकरी माश्यांनी कधीच हाकललेले असतात. प्लाथही तेच लिहिते, की आत उरल्यात त्या सगळ्या बायका. मला ती ओळ आधी पेटीची नोंद वाटली. तिच्यातलं प्लाथचं घर कळलं ते नंतर.

मग ‘डॅडी’ घ्या, तीनच दिवसांनंतरची. तिच्यातला बाप नाझी आहे. ओटो मात्र पोरवयातच अमेरिकेत आले होते आणि १९४० साली मधुमेहाच्या गुंतागुंतीनं गेले. अशा कवितेला कबुलीची, म्हणजे कवीनं स्वतःचंच उघड सांगणारी, कविता म्हणतात म्हणून ती जबानी समजू नका. बीबीसीसाठीच्या टिपणात तिनंच लिहिलंय, की यात बोलणारी इलेक्ट्रा गंडाची, म्हणजे बापाच्या ओढीत अडकलेली, एक मुलगी आहे.

चरित्रं सवडीनं. इंग्लंडमधल्या हेप्टनस्टॉल गावातल्या तिच्या थडग्यावरचं ‘ह्यूज’ हे नवऱ्याचं आडनाव लोकांनी खरवडून काढलं, ती भांडणं कवितेच्या काही कामाची नाहीत.

त्यापेक्षा तिचा आवाज ऐका. ३० ऑक्टोबर १९६२ चं ध्वनिमुद्रण आहे, तिशी पूर्ण होऊन तीन दिवस झालेले. खचलेली बाई ऐकू येईल म्हणून कान टवकारले होते मी. ती कुठेही कुजबुजत नाही.