डचमध्ये पहिली कादंबरी: परदेशातून आलेल्या लेखकाने काम कसं आखावं

मोठेपणी नेदरलँड्समध्ये येऊन डचमध्ये लिहू पाहणाऱ्याने कादर अब्दोला यांच्या पुस्तकांचा क्रम आधी पाहावा. इराणमधून राजकीय निर्वासित म्हणून ते १९८८ मध्ये आले. पहिला कथासंग्रह १९९३ चा, 'स्पैकरस्ख्रिफ्ट' ही कादंबरी २००० ची, आणि त्यांना सर्वाधिक वाचक मिळवून देणारी मशिदीच्या घराची कादंबरी २००५ ची. थेट चारशे पानांना हात घालू नका. कथेत चुकलेलं वाक्य आठवड्याभरात दुरुस्त होतं, कादंबरीत चुकलेली निवेदनाची भाषा सगळं पुस्तक पुन्हा लिहायला लावते.

वाचनाची सुरुवात मुलांच्या पुस्तकांपासून करा. अब्दोला यांनीही आनी एम. जी. श्मिट यांच्या 'यिप एन यानेके' या गोष्टींतून भाषा शिकायला घेतली. त्यात वाक्यं छोटी, संवाद भरपूर आणि शब्द घरातले. नाम वहीत उतरवताना त्याच्याआधी येणारं उपपद 'दे' की 'हेट' हे सोबत लिहाच. लघुत्वदर्शक रूप नेहमी 'हेट' घेतं, म्हणून मुलगीसुद्धा 'हेट मेईशे'. बाकीचं पाठांतर.

पण 'दे'-'हेट'च्या चुकांचं फार मनावर घेऊ नका, त्या मुद्रितशोधक काढतो. खरी अडचण काळाची. बोलण्यात डच माणूस पूर्ण भूतकाळ सर्रास वापरतो ('हेई इज खखान', तो गेला आहे), लिखित कथन मात्र साध्या भूतकाळात चालतं ('हेई खिंग', तो गेला). भाषा कानांनी शिकलेला लेखक पानंच्या पानं पहिल्या रूपात लिहितो आणि निवेदन साक्षीदाराच्या जबानीसारखं वाटू लागतं. त्यावर इलाज म्हणजे आवडत्या डच कादंबरीचं रोज एक पान हाताने उतरवून काढायचं, क्रियापदांखाली रेघ मारत.

संवादांत उलटा दोष दिसतो. 'कॉम बिनन' (आत ये) व्याकरणाने बरोबर आहे, पण दारातल्या पाहुण्याला ते हुकमासारखं लागू शकतं. शेजारीण म्हणेल, 'कॉम मार एव्हन बिनन' (ये ना जरा आत). मार, एव्हन, तोख, होर ही छोटी अव्ययं कुठल्या पात्राच्या तोंडी किती, हे ट्राममध्ये आणि ग्रंथालयाच्या भाषा-कट्ट्यावर कान देऊन टिपा.

मसुदा झाला की डच मातृभाषेच्या वाचकाकडून दोन रंगांत खुणा करून घ्या. लाल म्हणजे चूक, निळा म्हणजे 'आम्ही असं म्हणत नाही'. लाल सगळं दुरुस्त करा. निळ्यावर एकेका वाक्यापाशी थांबून विचार करा, कारण तुमच्या मूळ भाषेतली प्रतिमा, तिची लय नेमकी तिथेच असते. सगळं निळं पुसलं तर उरते ती नीटनेटकी, कुणाचीही नसलेली डच.

निवेदकाची निवडही इथे मदतीला येते. 'स्पैकरस्ख्रिफ्ट'मध्ये नेदरलँड्सला आलेला मुलगा आपल्या मूकबधिर वडिलांची, त्यांनी स्वतः घडवलेल्या लिपीतली वही उलगडू पाहतो. शब्दाशब्दाला अडखळत अर्थ लावणारा माणूसच कथा सांगतोय म्हटल्यावर साधी, तुटक वाक्यं कथेचीच गरज ठरतात. तुमच्या कथेतही असं कारण शोधा. ते सापडलं नाही तरी वाक्यं निष्कारण लांबवू नका.

कथा आधी 'तिराडे', 'होलंड्स मांडब्लाड' अशा वाङ्मयीन नियतकालिकांकडे पाठवा, कारण प्रकाशनगृहांचे संपादक ती वाचतात. प्रकाशकाशी थेट व्यवहार करता येतो, एजंट लागतोच असं नाही. मात्र न मागवलेली हस्तलिखितं प्रकाशक घेतो का, हे आधी बघा. घेत असेल तर एका पानात सारांश आणि पहिली प्रकरणं द्या. छपाईसाठी लेखकाकडेच पैसे मागणाऱ्याला नकार कळवा.

मानधन साधारणपणे करवजा विक्री किमतीवर मिळतं, आणि १० टक्के हा नेहमीचा आरंभीचा दर. पुस्तक २१.८० युरोचं असेल तर ९ टक्के कर वजा जाता २० युरो राहतात, म्हणजे प्रतीमागे २ युरो. हजार प्रती खपल्या तर दोन हजार. एवढ्यावर घर चालणार नाही, तेव्हा नोकरी सोडू नका. विक्री वाढली की दर वाढण्याचं कलम करारात हवंच. सही करण्याआधी लेखक संघाच्या नमुना कराराशी ताडून पाहा आणि पुस्तक निघताच लीरा या संस्थेकडे नाव नोंदवा, म्हणजे ग्रंथालयातून वाचकांनी नेलेल्या प्रतींचा मोबदला तुमच्यापर्यंत पोहोचेल.