सांडशी हातात ठेवा

गेल्या वर्षी विजेचं बिल मी तीनदा उशिरा भरलं. खात्यात पैसे होते, मोबाइल हातात होता. आणि मी दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लावते! शेवटी एकेचाळिसाव्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामं वेळेत उरकणं अवघड जातं त्या अवस्थेचं, निदान झालं.

तुम्हालाही शंका असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची एएसआरएस चाचणी भरून बघा. पण ती नुसती चाळणी आहे, निदान डॉक्टरच करतात. जाताना शाळेची प्रगतिपुस्तकं न्या, कारण काही लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का, हे ते विचारतातच. माझ्या चौथीच्या शेऱ्यात होतं, 'हुशार आहे, पण लक्ष खिडकीबाहेर.' आई म्हणाली, "अगं, तू तर डबासुद्धा शाळेत विसरायचीस." घरी आणि कामावर, दोन्हीकडे त्रास होतो का, हेही बघतात. थायरॉइड, अपुरी झोप, चिंता किंवा नैराश्य यांमुळेही मन असंच भरकटतं, म्हणून तपासण्या टाळू नका.

गोळ्यांचं डॉक्टर ठरवतील. मिथिलफेनिडेट असो की अ‍ॅटोमॉक्सेटिन, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. मैत्रिणीची गोळी तर मुळीच घेऊन बघू नका.

डायरीचा सल्ला सगळेच देतात. माझ्याकडे सात डायऱ्या आहेत, एकही १२ जानेवारीच्या पुढे गेलेली नाही. मला उपयोग झाला तो जाऊबाईंचा. रविवारी त्या समोर मटार सोलत बसतात आणि मी घरची बिलं भरते. त्या काही बोलत नाहीत, तरी काम उरकतं. कोणी नसेल तर मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून ठेवा, दोघींनी आपापलं काम करायचं. यादीतही 'जीएसटी रिटर्न' असं कधी लिहू नका. 'लॅपटॉप उघडणे' एवढंच लिहा, पुढचं आपोआप सुरू होतं. निदान बऱ्याचदा तरी.

आणि दूध. तापत ठेवलं की सांडशी हातात घ्यायची आणि ती घेऊनच घरभर फिरायचं. हात अडलेला असला की दूध आठवतं. परवा सांडशीसकट खालच्या वाण्याकडे पोचले. तो म्हणाला, "ताई, दूध ठेवलंय का?" तशीच जिना चढून वर पळाले.