जुन्या डब्यात मूक काउबॉयपट निघाला तर

कोल्हापुरात टुरिंग टॉकीजच्या जुन्या सामानात ३५ मिमीचं रीळ मिळालं आणि फ्रेममध्ये घोडेस्वार दिसले, तरी ते प्रोजेक्टरवर चढवू नका. ओळख पटवायला ते चालवावं लागत नाही.

डबा अंगणात, सावलीत उघडा. विडी, उदबत्ती, मच्छर कॉइल लांब. मूकपटाच्या काळातली ३५ मिमी फिल्म नायट्रेटचीच, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जातीची, धरून चाला. पेटली तर ती स्वतःच ऑक्सिजन सोडते, म्हणून पाण्यातही विझत नाही, आणि धूर विषारी असतो. तुकडा जाळून बघणं तर नकोच. मधासारखा चिकटा, फेस किंवा तपकिरी भुकटी दिसली तर वेढे ओढून सोडवू नका, डबा तसाच ठेवून जाणकारांना कळवा.

रीळ धड असेल तर हातमोजे घालून सुरुवातीचे दोन-तीन फूट उलगडा. चित्र आणि भोकांच्या मध्ये ध्वनिपट्टी नसेल तर मूकपटाची शक्यता. मग कडा बघा. ईस्टमन कोडॅकच्या अमेरिकी फिल्मवर १९१६ पासून वर्षाची खूण असते: १९१६ ला वर्तुळ, १९१७ ला चौकोन, १९१८ ला त्रिकोण. गोची अशी की खुणा २० वर्षांनी पुन्हा येतात, शिवाय त्या कच्च्या (कोऱ्या) फिल्मचं वर्ष सांगतात, चित्रपटाचं नाही. खूण काळी असेल तर ती याच फिल्मची; काळ्या कडेवर पांढरी असेल तर निगेटिव्हवरून उतरलेली. 'सेफ्टी' (सहज न पेटणारी फिल्म) या कडेवरच्या शब्दालाही हाच नियम.

आकसणं मोजायला आणखी थोडं उलगडून १०० फ्रेम मोजा: लांबी १९० सेंमी हवी. १८८ भरली तर फिल्म एक टक्क्याहून जास्त आकसली, प्रोजेक्टरच्या दातेरी चाकावर भोकं फाटू शकतात.

नावाची पाटी बहुधा गायब असते, कारण रिळाची सुरुवातच सगळ्यात आधी झिजते. संवादांच्या पाट्यांचे फोटो घ्या. चौकटीत कधीकधी स्टुडिओचं चिन्ह सापडतं. डब्यावरच्या चिठ्ठीवर भिस्त ठेवू नका, डबे अदलाबदल होतात.

फॉक्स या अमेरिकी स्टुडिओचं चिन्ह निघालं तर जास्तच जपा. ९ जुलै १९३७ ला न्यू जर्सीतल्या लिटल फेरीत त्यांचं गोदाम जळालं, त्यात मूकपटांतला काउबॉय नट टॉम मिक्सचे कितीतरी काउबॉयपट गेले.

फोटो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पाठवा. रीळ मात्र कुरिअरने किंवा एसटी पार्सलने नाही. त्यांचं उत्तर येईपर्यंत पत्र्याखालच्या माळ्यावरून काढून घराबाहेरच्या थंड, हवेशीर जागी ठेवा.