सायबर सुरक्षा आणि डिजिटल फॉरेन्सिक : कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने अभ्यास कसा आखावा

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आणि भारतातल्या ज्या शहरांतून रोकड निघाली त्यांत आपले कोल्हापूरही होते. ज्या विद्यार्थ्याला या क्षेत्रात पदवी घ्यायची आहे, त्याने प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी या घटनेबद्दल स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आपल्याला यातले नेमके काय जाणून घ्यावेसे वाटते? बँकेच्या यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, शिरलेच कसे आणि ते पुन्हा शिरू नये म्हणून काय करावे, हे कुतूहल असेल तर ओढ सायबर सुरक्षेकडे आहे. कोणत्या एटीएमवर, किती वाजून किती मिनिटांनी, कोणते कार्ड वापरले गेले आणि ते वापरणारी व्यक्ती हीच होती हे न्यायालयात कसे सिद्ध करायचे, हा प्रश्न डोक्यात घोळत असेल तर ती डिजिटल फॉरेन्सिकची वाट आहे. दोन्ही विषयांचा पाया एकच असला, तरी तिसऱ्या वर्षानंतर त्यांची रोजची कामे बरीच वेगळी होतात. दुसऱ्या वाटेवर संगणकाइतकेच लिखाणाचे काम असते, आणि ते बहुतेकांना उशिरा कळते.

प्रवेशाचे मार्ग थोडक्यात सांगतो. बारावी विज्ञान शाखेनंतर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी आणि संगणक अभियांत्रिकी किंवा तिच्यातील सायबर सुरक्षा शाखेला प्रवेश घ्यावा, हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेल्यांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात येता येते. बीसीए किंवा बीएस्सी करून पुढे पदव्युत्तर स्तरावर हा विषय घेणारेही पुष्कळ आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात; त्यामुळे घर फारसे न सोडता पहिली पदवी घेणे येथे सहज शक्य आहे. निव्वळ फॉरेन्सिकसाठी गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ प्रसिद्ध आहे. त्याला संसदेच्या कायद्याने २०२० साली राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि त्याचे गोवा व धारवाड येथे परिसर आहेत. कोल्हापूरकराला ही दोन्ही ठिकाणे गांधीनगरपेक्षा कितीतरी जवळची आहेत.

माझे मत विचाराल तर पहिली पदवी संगणकशास्त्राची किंवा संगणक अभियांत्रिकीची घ्यावी आणि फॉरेन्सिक पदव्युत्तर स्तरावर घ्यावे. अभ्यासक्रमाच्या नावात ‘सायबर’ हा शब्द आहे एवढ्यावर जाऊ नये. संबंधित विभागात प्रत्यक्ष जावे, चारही वर्षांचा अभ्यासक्रम मागून घ्यावा आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टिम, संगणक जाळी व डेटाबेस यांचे प्रात्यक्षिकासह तास किती आहेत ते मोजावे. मग प्रयोगशाळेत डोकावून राइट ब्लॉकर आहे का, असे विचारावे. पुरावा असलेल्या डिस्कवर चुकूनही काही लिहिले जाऊ नये म्हणून मध्ये जोडायचे हे छोटेसे उपकरण आहे. ते कपाटात कुलूपबंद आहे, की विद्यार्थ्यांच्या हाताळण्याने त्याच्या वायरी मळल्या आहेत, यावरून विभागाविषयी माहितीपत्रकापेक्षा जास्त समजते.

पहिल्या दोन वर्षांत कोणत्याही ‘हॅकिंग’च्या मागे लागू नये. लिनक्सची कमांड लाइन, पायथॉन, जाळ्यातून जाणारे डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेट, वायरशार्क या साधनात उघडून वाचणे आणि फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची, रचना, एवढे पक्के झाले तरी पुष्कळ आहे. यांपैकी फाइल सिस्टिमकडे विद्यार्थी सर्वांत कमी लक्ष देतात आणि फॉरेन्सिकमध्ये सर्वांत जास्त काम तिचेच पडते. फाइल डिलीट केली म्हणजे साधारणपणे तिची नोंद ‘ही जागा आता मोकळी आहे’ अशी बदलते. मजकूर मात्र त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. फिरती चकती नसलेल्या नव्या एसएसडी डिस्कमध्ये मात्र ट्रिम नावाची व्यवस्था अशी मोकळी जागा स्वतःहून साफ करून टाकते, त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कवर जे हाती लागले असते ते एसएसडीवर लागेलच असे नाही. हा फरक ज्याला कारणासह सांगता येतो, त्याचे दुसरे वर्ष सार्थकी लागले असे मी समजतो.

आता एक प्रयोग सविस्तर देतो. तो घरी करता येतो आणि त्याला एका पेन ड्राइव्हपलीकडे खर्च नाही. चार किंवा आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा आणि तो प्रथम सर्वत्र शून्ये लिहून पूर्ण कोरा करावा, म्हणजे जुना मजकूर निकालात मिसळणार नाही. मग तो फॉरमॅट करून त्यावर रंकाळा तलावावर काढलेले पाच फोटो, एक पीडीएफ आणि मराठीत टाइप केलेली एक साधी मजकूर-फाइल ठेवावी. दोन फोटो डिलीट करावेत आणि तिसऱ्याच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून तो मजकूर-फाइल असल्याचे भासवावे. यानंतर एफटीके इमेजरसारख्या मोफत साधनाने पेन ड्राइव्हची बिट-न्-बिट प्रत, म्हणजे इमेज, काढावी आणि तिचा एसएचए-२५६ हॅश वहीत उतरवून घ्यावा. हॅश म्हणजे त्या संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली चौसष्ट चिन्हांची ओळख. मजकुरातला एक बिट बदलला तरी ती पार बदलते. पुढचा सगळा तपास ऑटोप्सी या मोफत प्रणालीत इमेजच्या प्रतीवर करावा, मूळ ड्राइव्ह पाकिटात बंद करून ठेवावा.

मी शिकवायला लागलो त्या वर्षी हाच प्रयोग वर्गापुढे करताना, ड्राइव्ह चालतो आहे ना हे ‘नुसते बघावे’ म्हणून तो मी विंडोजच्या संगणकाला तसाच जोडला. विंडोजने मला न विचारता त्यावर स्वतःचे एक सिस्टिम फोल्डर तयार केले. नंतर काढलेला हॅश फळ्यावर आधीच लिहून ठेवलेल्या हॅशशी जुळेना. पहिल्या बाकावरच्या मुलीने तो चिन्ह-न्-चिन्ह ताडून पाहिला आणि ‘सर, सुरुवातीपासूनच वेगळा आहे,’ असे सांगितले. त्या दिवसाचा तास तिथेच संपला. विद्यार्थ्याने ही चूक एकदा मुद्दाम करून पाहावी आणि दोन्ही हॅश वहीत शेजारीशेजारी लिहावेत.

ऑटोप्सीमध्ये डिलीट केलेले फोटो बहुधा दिसतील. नाव बदललेला फोटोही उघडा पडेल, कारण जेपीईजी फाइलचे पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ असे असतात आणि नाव बदलल्याने ते बदलत नाहीत. खरी गंमत मराठी फाइलमध्ये आहे. ‘रंकाळा’ हा शब्द युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक प्रमाणातील यूटीएफ-८ पद्धतीत साठवला की अठरा बाइट घेतो, कारण र, अनुस्वार, क, काना, ळ आणि काना ही सहा चिन्हे प्रत्येकी तीन बाइटची असतात. हाच शब्द श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर आत साठवलेले बाइट सर्वस्वी वेगळे असतात आणि युनिकोडमध्ये केलेला शोध रिकाम्या हाताने परत येतो. जुन्या पतसंस्थेचा किंवा दूध संस्थेचा संगणक तपासताना ‘कर्ज’ असे टाइप करून ‘काही सापडले नाही’ असा निष्कर्ष काढणारा तपासनीस म्हणूनच अडचणीत येतो. त्यात भर म्हणजे चॅटमधले रोमन लिपीतले मराठी, ज्यात ‘पाठव’ हा एक शब्द चार जण चार स्पेलिंगने लिहितात. इंग्रजी पाठ्यपुस्तकात हे प्रकरण सापडत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

दुसरी हमखास चूक वेळेची. अनेक ॲप आपला डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेस प्रणालीत ठेवतात आणि वेळ १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या मिलिसेकंदांत लिहितात. समजा एका संदेशापुढे १७१८४७६९२०००० हा आकडा आहे. जागतिक प्रमाणवेळेनुसार तो १५ जून २०२४, सायंकाळी ६ वाजून ४२ मिनिटे असा येतो. भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवले की १६ जूनची मध्यरात्र उलटून १२ मिनिटे झालेली असतात. म्हणजे तास तर बदललेच, तारीखही बदलली. आरोपी १५ तारखेच्या संध्याकाळी कोठे होता यावर सारा खटला उभा असेल, तर अहवालात कोणती प्रमाणवेळ धरली आहे हे न लिहिणाऱ्याचे बाकीचे काम कितीही चोख असले तरी वाया जाते. म्हणून वहीतील प्रत्येक वेळेपुढे ती कोणती प्रमाणवेळ आहे हे लिहिण्याची सवय पहिल्याच वर्षी लावून घ्यावी.

कायद्याचा पेपर विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. फॉरेन्सिक घेणाऱ्याला हे परवडणारे नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० आणि त्यातील २००८ ची दुरुस्ती मुळातून वाचावी. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी पूर्वी जे काम कलम ६५ब करीत असे ते आता कलम ६३ करते. त्यासोबतच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असून एक भाग पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो, आणि हॅशचे मूल्य व तो कोणत्या पद्धतीने काढला हेही त्यात नोंदवावे लागते. पेन ड्राइव्हच्या प्रयोगात वहीत उतरवलेली ती चौसष्ट चिन्हे येथे कामाला येतात. प्रमाणपत्राचे महत्त्व कळण्यासाठी जालना विधानसभा निवडणुकीवरून उभा राहिलेला खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला वाचावा. उमेदवारी अर्ज मुदतीत भरले होते की नाही हा त्यातला वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरण हा पुरावा. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली या खटल्यात स्पष्ट केले.

याच्या जोडीला पंचनामा लिहायला शिकावे, आणि तोही मराठीत, कारण आपल्याकडे पोलीस ठाण्यातले लिखाण मराठीत चालते. वस्तूचे वर्णन, कंपनी, रंग, अनुक्रमांक, ती कोठे व कोणत्या अवस्थेत मिळाली, चालू होती की बंद, पंच कोण, सील कोणी केले, आणि त्यानंतर मुद्देमाल कोणाकडून कोणाकडे कधी गेला याची अखंड नोंद, हे सारे त्यात आले पाहिजे. ‘एक काळा मोबाइल मिळाला’ हे वाक्य वकिलासाठी मेजवानी असते. सरावासाठी घरातल्याच एखाद्या जुन्या फोनचा पंचनामा लिहावा, चुलतभावाला आणि शेजारच्या काकांना पंच करावे आणि आठवड्याने तिसऱ्याच माणसाला तो वाचायला देऊन पाच फोनांतून नेमका तो फोन ओळखायला सांगावे. ओळखता आला नाही, तर पुन्हा लिहावा.

सुरक्षेची वाट धरणाऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. सराव फक्त स्वतःच्या संगणकावर व्हर्च्युअल मशिन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, उभारून किंवा त्यासाठीच खुल्या ठेवलेल्या संकेतस्थळांवर करावा. शेजाऱ्याचे वायफाय, महाविद्यालयाचे निकाल दाखवणारे पोर्टल, गावच्या पतसंस्थेची वेबसाइट यांना ‘शिकण्यासाठी’ हात लावणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ व ६६ खाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि गुन्हा नोंदलेल्या मुलाला या क्षेत्रात कोणी दारात उभे करीत नाही. दोन व्हर्च्युअल मशिन एका वेळी चालवायची तर सोळा जीबी रॅम असलेला वापरलेला लॅपटॉपही पुरतो. नवा महागडा घेण्यासाठी आईवडिलांना कर्ज काढायला लावू नये.

महागड्या प्रमाणपत्र-परीक्षांची घाईही करू नये. सीईएच, ओएससीपी वगैरे हॅकिंग-कौशल्याच्या परीक्षांची नावे जाहिरातींत झळकतात. त्यांतील ओएससीपीची परीक्षा प्रत्यक्ष यंत्रांवर घेतली जाते म्हणून तिला मान आहे, पण ती शेवटच्या वर्षात किंवा नोकरी लागल्यावर द्यावी. तोवर एनपीटीईएल या आयआयटी व आयआयएस्सीच्या ऑनलाइन उपक्रमाचे मोफत अभ्यासक्रम पुरेसे आहेत.

‘शिकून पुण्या-मुंबईलाच जावे लागणार ना?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. बहुतेकांना सुरुवातीला जावे लागते, हे खरे आहे. तरी रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या अखेरीस नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार स्तरांची चौकट घालून दिली, आणि आपल्या भागात सहकारी बँकांना तोटा नाही. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक केले असून राज्यांनी ही तरतूद पाच वर्षांच्या आत लागू करावयाची आहे. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणीही या मनुष्यबळाची गरज वाढणार.

शेवटच्या वर्षातील प्रकल्प सादर करण्यापूर्वी विधी महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याला गाठावे, आपला अहवाल त्याच्या हाती द्यावा आणि तासभर उलटतपासणी घ्यायला सांगावे. इमेज काढताना खोलीत आणखी कोण होते, संगणकाचे घड्याळ बरोबर असल्याची खात्री केली होती का, हॅश तुम्हीच काढला की मित्राने, असे प्रश्न तो विचारेल. ज्या प्रश्नाचे उत्तर वहीत पाहून देता आले नाही, तो भाग अहवालातून काढून टाकावा किंवा पहिल्यापासून पुन्हा करावा, आणि मगच बाइंडिंगला द्यावा.